ठासणीच्या बंदुकीची कळ : सफाई, कारागीर आणि एक दुर्लक्षित पुरावा

भारताच्या युद्धेतिहासात बंदुकीचा उल्लेख बहुधा दोनच प्रसंगी येतो. ती कोणी आणली, हा एक प्रसंग आणि तिच्या जोरावर कोणती लढाई जिंकली गेली, हा दुसरा. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात ती बंदूक कोठे टांगलेली होती, पावसाळ्यात ती कोणी पुसली, तिची कळ अडकली तेव्हा ती कोणी उघडली आणि पुन्हा जुळवली, याविषयी इतिहासग्रंथ सहसा मौन बाळगतात. वास्तविक कोणतेही यंत्र एखाद्या समाजात रुजले की नाही, हे ते विकत कोणी घेतले यावरून ठरत नाही. बिघडल्यावर ते दुरुस्त कोण करू शकत होता, यावरून ते ठरते.

पाठ्यपुस्तकांतून एक विधान वारंवार आढळते. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस चकमकीची बंदूक सर्वत्र रूढ झाली, तरी हिंदुस्थानातील सैनिक एकोणिसाव्या शतकापर्यंत तोड्याच्या बंदुकीलाच चिकटून राहिले; हे त्यांच्या मागासलेपणाचे लक्षण होय, असे ते विधान आहे. त्यातील वस्तुस्थिती बव्हंशी खरी आहे. मात्र तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात तो बंदुकीच्या कळीच्या आधारे तपासला आहे. कळ म्हणजे चाप ओढल्यावर दारूला आग पोहोचविणारी यंत्रणा. ती उघडणे व साफ करणे किती सोपे वा अवघड होते, आणि ते काम कोणाच्या हाती होते, हे पाहिले तर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते.

दारू, राख आणि गंज

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरली जाते. नळीत दारू ओतायची, त्यावर गोळी बसवायची आणि लोखंडी किंवा लाकडी गजाने ठासायची. नळीच्या मागच्या टोकाला बाजूने एक बारीक छिद्र असते. त्याला तोफेप्रमाणेच कान म्हणतात. कानाच्या बाहेर एक लहान वाटी असते, ती रंजकदानी. तिच्यात घातलेली बारीक दारू म्हणजे रंजक. रंजक पेटली की तिची ज्वाला कानातून आत शिरते आणि बार उडतो.

या दारूचे प्रमाण साधारणपणे शंभर भागांत 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असे असे. ती पूर्ण जळून वायू होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. या अवशेषात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतील ओल शोषून घेतात. त्यामुळे बार उडाल्यावर बंदूक तशीच ठेवली, तर काही तासांतच नळीत आणि कळीवर काळपट चिकट थर तयार होतो व त्याखाली लोखंड गंजू लागते. कोकण, गोवा, मलबार यांसारख्या दमट प्रदेशांत ही क्रिया अधिकच वेगाने होते. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नळी पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने धुवावी लागते, नंतर कोरडी करून तिला तेल द्यावे लागते. कळीच्या बाबतीत मात्र पाणी आत मुरू देणे धोक्याचे असते. ती उघडून, पुसून, कोरडी करूनच तेलाचा हात द्यावा लागतो. तेलही बेताने वापरावे लागते. जास्त तेलावर धूळ बसते आणि ते रंजकदानीत उतरले तर रंजक पेटत नाही. जवसासारखे तेल तर कालांतराने वाळून चिकट होते व सांधे जखडतात.

अर्थात सफाई ही ठासणीच्या बंदुकीची रोजची गरज होती. दारूच्या निगेविषयीची जाणीव दख्खनच्या राजव्यवहारात स्पष्टपणे दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या व अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त गडावरील दारूखाना वस्तीपासून अंतरावर असावा, आणि हवालदाराने ठरावीक दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा दंडक सांगितला आहे. शस्त्र बाळगणे म्हणजे त्याची निगा राखणे, ही समज या दंडकामागे आहे.

तोड्याची कळ

हिंदुस्थानात सर्वाधिक काळ चाललेली बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक, उर्दूत तोडेदार. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची दोरी. ती हळूहळू धुमसत राहते. बंदुकीच्या दस्त्याला असलेल्या खाचेत दोन फाट्यांचा एक लोखंडी आकडा असतो, त्यात जामगीचे जळते टोक अडकविलेले असते. चाप ओढला की आतल्या दांडीच्या जोरावर आकडा रंजकदानीकडे झुकतो आणि रंजक पेटते.

उत्तर हिंदुस्थानात व दख्खनमध्ये रूढ असलेल्या या बंदुकीच्या कळीत मोजके भाग असतात. चाप, आकडा, या दोहोंना जोडणारी दांडी आणि त्यांना फिरण्यासाठी लोखंडी खिळे, एवढाच तिचा संसार. दस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या सोडविल्या व खिळे ठोकून बाहेर काढले की सारी यंत्रणा मोकळी होते. तिच्यात ताणलेली पोलादी कमान बहुधा नसते. त्यामुळे ती उघडताना काही उडून जात नाही, काही मोडत नाही. काजळी खरवडायची, खिळे पुसायचे, तेलाचे बोट लावायचे आणि पुन्हा ठोकून बसवायचे. खिळा झिजला तर गावचा लोहार नवा घडवून देई. आकडा वाकला तर तो तापवून सरळ करता येई. कान काजळीने बुजला तर तो मोकळा करण्यासाठी बारीक सळई लागे आणि ती पुष्कळदा बंदुकीलाच साखळीने अडकविलेली असे. सैनिकाच्या स्वतःच्या हातून होणारी ही सफाई होती.

सर्वच तोड्याच्या बंदुका इतक्या साध्या नव्हत्या. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर तेथील कारागिरांनी बनविलेल्या बंदुकांची ख्याती लवकरच पसरली. गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, असे अफोन्सो द अल्बुकर्क याने 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळविले होते. गोव्यातून मलबार, सिलोन आणि पूर्वेकडील बंदरांपर्यंत पसरलेल्या प्रकारात आकडा कमानीच्या जोरावर झटकन खाली पडे. जपानमध्ये 1543 नंतर रूढ झालेल्या बंदुका याच घराण्यातील मानल्या जातात. म्हणजे कमान असलेली कळ हिंदुस्थानी कारागिराला अपरिचित होती, असे म्हणता येत नाही. ती माहीत असूनही देशाच्या मोठ्या भागात बिनकमानीची कळच टिकून राहिली.

तोड्याच्या बंदुकीचे दोषही झाकण्याचे कारण नाही. पावसात जामगी विझे. रात्री तिचा निखारा शत्रूला दिसे. दारूच्या थैल्यांजवळ जळती दोरी बाळगणे जिवावरचे काम होते. रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शिपायांना तर ती अतिशय गैरसोयीची होती. कवायती पायदळाच्या युद्धात चकमकीची बंदूक सरस ठरली, हे निर्विवाद आहे. परंतु जहागिरीच्या गावात राहणारा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा आणि वर्षाचे काही महिने शेती करणारा जो शिपाई, त्याच्या दृष्टीने गावातच दुरुस्त होणारी बंदूक अधिक भरवशाची होती. त्याची निवड अज्ञानातून झालेली नव्हती. ती त्याच्या परिस्थितीतून झालेली होती.

आईन-इ-अकबरीतील चक्र

बंदुकीच्या सफाईविषयीचा एक महत्त्वाचा लिखित पुरावा सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. त्यांतील एका प्रकरणाचा विषयच नळ्या साफ करणे हा आहे. पूर्वी एका बळकट माणसाला लोखंडी हत्यारे घेऊन एक नळी घासण्यास फार वेळ लागे. बादशहाने बैलाच्या बळावर फिरणारे एक चक्र तयार करविले आणि त्यावर सोळा नळ्या थोड्याच वेळात साफ होऊ लागल्या, असे तो सांगतो. अबुल फजल ही रचना अकबराच्या नावावर नोंदवितो. मीर फतहुल्लाह शिराजी यांच्यासारखे यंत्रविद्येत पारंगत विद्वान त्या वेळी दरबारात होते. ते विजापूरच्या आदिलशाही दरबारातून 1583 मध्ये अकबराकडे गेले होते. दख्खनची विद्या उत्तरेकडे जात होती, याचे हे एक उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच ग्रंथात जामगीशिवाय, केवळ चापाच्या हलक्या ओढीने उडणाऱ्या बंदुकीचाही उल्लेख आहे. तिची कळ चक्राची असावी, असे काही अभ्यासक मानतात. ही कळ शाही कारखान्याबाहेर पसरली नाही. चक्राच्या कळीत लहान-लहान भाग अनेक असतात, ती महाग पडते आणि तिची दुरुस्ती घड्याळजीच्या तोडीचे कसब मागते. युरोपातही ती सामान्य पायदळाच्या हाती कधी सार्वत्रिक झाली नाही. तेव्हा जी गोष्ट युरोपात किफायतीचा प्रश्न म्हणून समजावून दिली जाते, तीच हिंदुस्थानात मागासलेपण म्हणून सांगणे न्यायाचे नाही.

शिकलगार आणि भाषेतील पुरावा

कारखान्यांच्या दप्तरात कारागिरांची नावे क्वचितच सापडतात. भाषेत मात्र त्यांचा ठसा राहिला आहे. हत्यारांना धार व झिलई देणारा तो शिकलगार. हा शब्द फारसी 'सैकलगर' याचे मराठी रूप असून त्याच्या मुळाशी घासून चकाकी आणणे या अर्थाचा अरबी धातू आहे. महाराष्ट्रात व सीमाभागात शिकलगार हे आडनाव व समाजनाम आजही प्रचलित असून मुस्लिम समाजात ते विशेष आढळते. जिनगर हे मूळचे खोगीर करणारे, परंतु त्यांच्यातील अनेक कुटुंबे बंदुकांच्या कामातही निष्णात होती. लोहार, सुतार, जिनगर, शिकलगार अशा वेगवेगळ्या जातिधर्मांच्या हातांतून एकच बंदूक जात असे.

बंदुकीची परिभाषा पाहिली तरी हेच मिश्रण दिसते. 'बंदूक' अरबीतून आला, 'तोफ' तुर्कीतून, 'काडतूस' व 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून. 'दारू' हा फारसीत औषधाचा वाचक शब्द, मराठीत तो बंदुकीच्या चूर्णालाही लागला. शस्त्रागाराला मराठी कागदपत्रे 'शिलेखाना' म्हणतात, त्यात अरबी 'सिलाह' आहे. 'रंजक' दोन्ही भाषांत समान आहे. आघात करणाऱ्या भागाला मराठीत व उर्दूत सारखेच 'घोडा' म्हणतात. उर्दू ज्याला 'लबलबी' म्हणते त्याला मराठी 'चाप' म्हणते. 'कमान' आणि 'पेच' हे तर दोन्हीकडचे. ही परिभाषा पंडितांनी सभा भरवून ठरविलेली नाही. कारखान्यात शेजारी बसून काम करणाऱ्या माणसांनी ती रोजच्या बोलण्यात घडविली. इंग्रजी कळीतील काही आतल्या भागांना मात्र असे घरगुती नाव सार्वत्रिकपणे मिळाले नाही. याचे कारण पुढच्या भागात स्पष्ट होईल.

चकमकीची कळ आणि तिची उलगड

चकमकीच्या कळीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या पडतात आणि त्याच झटक्याने पाते उघडून खालच्या रंजकदानीतील रंजक पेटते. बाहेरून एवढेच दिसते. आत, लोखंडी पट्टीच्या मागील बाजूस, खरे यंत्र असते. घोड्याच्या आसावर टंबलर नावाचा फिरता तुकडा असतो व त्याला दोन खाचा असतात. अर्ध्या खाचेत घोडा सुरक्षित राहतो, पूर्ण खाचेत तो बारासाठी सज्ज होतो. या खाचांत अडकणारी जी नाकी, तिला सिअर म्हणतात. टंबलरला जोराने फिरविणारी ती मोठी कमान. सिअरला खाचेत दाबून धरणारी ती लहान कमान. आणि या सर्वांना जागेवर धरून ठेवणारी पट्टी म्हणजे ब्रायडल.

ही कळ उघडण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला तर नुकसान होते. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घोडा अर्ध्या खाचेत आणतात. दस्त्याच्या डाव्या बाजूने आलेले पेच सैल करून त्यांच्या डोक्यांवर हलकेच ठोकले, की कळ उजवीकडे सुटून येते. ती उचकटून काढली तर लाकूड फुटते. नंतर घोडा पूर्ण चढवून मोठ्या कमानीवर विशेष चिमटा बसवितात आणि तिला बेताने आवळतात. घोडा अंगठ्याने धरून सिअर दाबायची व त्याला सावकाश खाली उतरवायचे, म्हणजे कमान मोकळी होऊन चिमट्यासह बाहेर येते. त्यानंतर लहान कमान, मग सिअर, मग ब्रायडल, मग घोडा आणि शेवटी टंबलर. पट्टीबाहेरच्या पात्याची कमान वेगळी काढावी लागते. जुळवणी याच्या बरोबर उलट क्रमाने होते.

यातील प्रत्येक पायरीला कसब लागते. मोठी कमान पोलादाची, पाणी देऊन व पुन्हा ठरावीक आचेवर उतरवून तयार केलेली असते. चिमटा गरजेपेक्षा जास्त आवळला तर ती तडकते. चिमटा न लावता काढू गेल्यास बोट जायबंदी होऊ शकते. हाताने घडविलेल्या कळीत प्रत्येक पेच आपापल्या छिद्रापुरताच जुळतो, म्हणून कारागीर पेचांवर कानशीने खुणा करून ठेवत. अर्धी खाच झिजली असेल तर सज्ज नसलेली बंदूकही अवचित उडू शकते, म्हणून सफाईच्या वेळी खाचांची पाहणी आवश्यक असते. पाते झिजले तर त्यावर पोलादाचा नवा थर चढवावा लागतो. गारही काही डझन बारांनंतर बदलावी लागते. म्हणजे चकमकीची बंदूक घेणे याचा अर्थ चिमटा, पोलाद, गार आणि पाणी देण्याची विद्या जाणणारा कारागीर, या सर्वांची सोय करणे असा होता.

अठराव्या शतकातील हिंदुस्थानी सत्तांनी ही सोय केली, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पायदळाने 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने जी लढत दिली ती सर्वश्रुत आहे. महादजी शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या द बॉयनने उभारलेल्या पलटणींसाठी आग्ऱ्याला शस्त्रांचा कारखाना चालत होता. हे केंद्र 1803 मध्ये लॉर्ड लेकच्या हाती गेले. हैदराबादेत निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सेनानी रेमाँ याने उभारलेल्या तोफांच्या कारखान्याची आठवण गनफाउंड्री या वस्तीच्या नावात शिल्लक आहे. त्याचे निधन मार्च 1798 मध्ये झाले आणि त्याच वर्षी निजामाचे फ्रेंच पथक निःशस्त्र करण्यात आले.

या सर्वांत टिपू सुलतानाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याने 1787 मध्ये फ्रान्सला वकील पाठविले ते केवळ लष्करी मदतीसाठी नव्हे. निरनिराळ्या हुन्नरांचे कारागीर मिळावेत ही त्याची मागणी होती. म्हैसूर राज्यात तयार झालेल्या त्याच्या बंदुका आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या कळींवर वाघाच्या मुखाची व पट्ट्यांची घडण आहे. टिपूने प्रचलित केलेला मौलूदी सन पैगंबरसाहेबांच्या जन्मापासून मोजला जाई व त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले जात. त्याच्या नाण्यांवर हे स्पष्ट दिसते. 'फतहुल मुजाहिदीन' या जैनुल आबिदीन शुस्तरीने रचलेल्या लष्करी ग्रंथात कवायतीचे हुकूम फारसीत देण्याची योजना होती. यंत्र परक्याचे, पण कारागीर, भाषा आणि कालगणना आपली, असा तो प्रयत्न होता. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि हा कारखाना खंडित झाला. चकमकीच्या कळीतील आतल्या भागांची देशी परिभाषा सर्वत्र रूढ होण्याइतका काळच या कारखान्यांना मिळाला नाही.

टोपीची कळ आणि परावलंबन

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक तयार झाली. कोकणात केपाची बंदूक म्हणून जी ओळखली जाते ती हीच. ब्रिटिश सैन्याने 1840 च्या सुमारास तिचा स्वीकार केला. तिच्या कळीत गार, पाते व रंजकदानी नाहीत, म्हणून ती बाहेरून सोपी झाली. आतली रचना जवळपास तशीच राहिली. टोपीतील रसायनाचे अवशेष मात्र लोखंडाला अधिक घातक असल्याने सफाईची निकड वाढली.

इंग्लंडमध्ये हायथ येथे 1853 मध्ये बंदूकशिक्षणाची शाळा निघाली. तेथे शिपायाला बंदुकीच्या व कळीच्या भागांची नावे आणि सफाईचा क्रम शिकविला जाई. त्याच धर्तीवर 1857 च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे एन्फिल्ड रायफलचे शिक्षण सुरू झाले. चरबी लावलेल्या काडतुसांचा वाद याच केंद्रांवर उद्भवला आणि पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. काडतुसाच्या प्रश्नाने हिंदू व मुस्लिम शिपायांच्या धर्मभावनेला हात घातला, म्हणून तो स्मरणात राहिला. कळीने निर्माण केलेला प्रश्न त्यामानाने लक्षात घेतला गेला नाही. जामगी घरी वळता येत होती, गार शोधून आणता येत होती. टोपी मात्र रसायनाचा कारखाना असल्याखेरीज होत नव्हती. कंपनीची बंदूक हाती असलेल्या बंडवाल्या शिपायांना टोप्यांचा तुटवडा जाणवला. दुसरीकडे खेडोपाडीच्या उठावात तोड्याच्या बंदुका वापरल्या जात होत्या. ज्या कळीला कालबाह्य म्हटले जाते, तिला निदान बाहेरच्या पुरवठ्याची गरज नव्हती.

त्याच दशकात एन्फिल्डच्या कारखान्यात अमेरिकी यंत्रे बसविण्यात आली आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला जुळेल अशा पद्धतीचे उत्पादन सुरू झाले. यामुळे दुरुस्तीचा अर्थच बदलला. मोडलेला भाग घडविण्याऐवजी कोठारातून नवा भाग आणून बसविणे, म्हणजे दुरुस्ती. पलटणीतील आर्मरर हे काम करू लागला. कानस, भाता आणि पारख यांच्या बळावर जगणाऱ्या कारागिराची गरज उरली नाही.

कायदा आणि कारागीर

1857 नंतर अवध व इतर प्रांतांत लोकांकडील हत्यारे मोठ्या प्रमाणावर काढून घेण्यात आली. पुढे 1878 च्या 11 व्या कायद्याने, म्हणजे हत्यारांच्या कायद्याने, परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास तसेच ते बनविण्यास, त्यात बदल करण्यास व विकण्यास बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला. त्यात दुरुस्तीचाही स्पष्ट उल्लेख असून तिलाही परवाना लागतो. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने अशा नियमनाची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. तथापि 1878 च्या कायद्यामागे परकीय सत्तेची भीती होती आणि त्याचा भार केवळ हत्यार बाळगणाऱ्यावर पडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कळी उघडणाऱ्या, कमानींना पाणी देणाऱ्या घराण्यांची विद्या त्यामुळे बाजारातून उठली. शिकलगारांच्या हाती सुऱ्या, कात्र्या, कुलपे आणि अडकित्ते राहिले. लोखंडाची पारख तीच राहिली, पण तिला मिळणारा मान व मोबदला घटला. एखाद्या समाजाचे आर्थिक मागासलेपण केवळ शिक्षणाच्या अभावातून समजून घेण्याची प्रवृत्ती आहे. त्याच्या हातची विद्या केव्हा व कशी निरुपयोगी ठरविली गेली, हा प्रश्नही तितकाच विचारला गेला पाहिजे.

समारोप

या विवेचनावरून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली यामागे सुलभ सफाई व स्थानिक दुरुस्ती हे एक सबळ कारण होते. तिच्या लष्करी उणिवा मान्य करूनही हे कारण डावलता येत नाही. दुसरी, चकमकीची कळ हिंदुस्थानी कारागिराच्या आवाक्याबाहेर नव्हती. आग्रा आणि म्हैसूर येथील कारखाने राजकीय पराभवामुळे खंडित झाले. त्यांचे अपयश कारागिरीचे नव्हते. तिसरी, टोपीची कळ आणि सुट्या भागांचे उत्पादन यांमुळे दुरुस्तीची विद्या गावातून उठून सरकारी कोठारात गेली आणि कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

महाविद्यालयांतील अध्यापकांना या विषयाचा उपयोग वर्गात सहज करता येण्यासारखा आहे. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पुण्याचे राजा केळकर संग्रहालय, ग्वाल्हेरचे जयविलास यांसारख्या ठिकाणी जुनी हत्यारे पाहावयास मिळतात. विद्यार्थ्यांना बंदुकीची लांबी व नक्षी यांबरोबर तिच्या कळीवरील दुरुस्तीच्या खुणा, बदललेले पेच, घासट झालेली अक्षरे यांचेही निरीक्षण करावयास सांगावे. कळीवर फारसी लेख असल्यास त्याच्या वाचनात उर्दूच्या विद्यार्थ्याला आणि मोडीतील दप्तराच्या वाचनात मराठीच्या विद्यार्थ्याला एकत्र काम करता येईल.

काही घरांतून पूर्वजांची ठासणीची बंदूक परवान्यासह जपून ठेवलेली असते. तिच्याबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. अशा बंदुका कित्येक वेळा भरलेल्याच ठेवलेल्या असतात आणि जुनी दारू कोरडी राहिली असेल तर अजूनही पेटू शकते. म्हणून प्रथम लाकडी काठी नळीत सरकवून आतली खोली मोजावी व ती बाहेरून तोंडापासून कानापर्यंतच्या अंतराशी ताडून पाहावी. काठी कानाच्या पुष्कळ अलीकडेच थांबली तर बंदूक भरलेली समजून जाणकाराकडे सोपवावी. सफाईच्या उत्साहात पॉलिश कागदाने कळ घासू नये. गंजाबरोबर कारागिराचे नाव, सन आणि मोहोर निघून जातात. शस्त्राची चमक परत आणता येते, पुसलेले नाव परत आणता येत नाही. या कारागिरांची नावे दप्तरांत आधीच फार थोडी आहेत. जी लोखंडावर उरली आहेत, ती वाचून नोंदवून ठेवणे हे इतिहासाच्या आणि भाषेच्या अध्यापकांचे काम आहे.